पायगुण

नमुन्याची बाटली हौदात सोडायच्या दोरीचा आकडा तुटला म्हणून तिने बाटली बाजूला ठेवली आणि लांब दांड्याचा डाव हौदात बुडवला. पाणी नेहमीसारखंच नितळ होतं. नमुना बाटलीत ओतून झाल्यावर डावाला लटकलेले थेंब झटकण्यासाठी तिने तो सिमेंटच्या कडेवर आपटला. टक, टक, टक.

हौदभर विखुरलेले सोनेरी मासे एकदम वळले आणि तिच्याकडे आले. अगदी तिच्या पायांशी गोळा होऊन, तोंडं वर करून, आता खायला मिळणार अशा खात्रीने थांबले.

"बघा मॅडम!" मागे उभे असलेले कारखान्याचे व्यवस्थापक खूश होऊन म्हणाले. "मासेसुद्धा ओळखायला लागले तुम्हाला."

ती हसली नाही. हातातला डाव तसाच धरून ती खाली बघत राहिली.

"यांना खायला कोण घालतं?"

"आहे एक कामगार. सकाळी मूठभर टाकतो आणि आपल्या कामाला लागतो."

"वाजवून बोलावतो का?"

"वाजवून कशाला?" व्यवस्थापक मोठ्याने हसले. "मासे आहेत मॅडम, जावई नाहीत."

ती टकटक तिला चांगलीच माहीत होती. तिच्या वडिलांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. माशांना दाणे घालण्याआधी बाबा बोटातली अंगठी काचेवर तीनदा वाजवायचे, आणि सगळे मासे पुढच्या काचेला येऊन चिकटायचे. 'आमच्याकडे शिस्त आहे, आमचे मासे हाकेला ओ देतात,' हे बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि लहानपणी ती शाळेतून आली की जेवायलाही तिला तसंच ताट वाजवून बोलवायचे. पण तसं काय, मासे कुठलेही शिकत असतील. डाव आपटला, पाणी हललं, आले बिचारे. तिने स्वतःला समजावलं आणि बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं.

तेवढ्यात सगळ्यांच्या मागून एक मासा आला. एका बाजूला कललेला, वाटेत दोनदा भरकटत. त्याचा एका बाजूचा पर अर्धाच होता. काल संध्याकाळी बाबांच्या दुकानात तिची लेक ज्या माशाला काचेवर नाक टेकून दाणे भरवत होती, ज्याचं तिने 'तिरपी' असं बारसंही करून टाकलं होतं, तो हा मासा होता.

पायाखालची वाळू सरकली म्हणतात. इथे वाळू नव्हती, चांगला पक्का ओटा होता, तरी तिने शेजारचा कठडा धरला.

"हे मासे कधीचे?" तिने विचारलं. आवाज जमेल तितका रोजचा ठेवला.

"मागच्याच्या मागच्या वर्षी सोडलेत. आता घरचेच झाले. मी तर साहेबांना म्हणतो, कागद खोटं बोलतील, यंत्र खोटं बोलेल, मासा नाही बोलणार. पाणी वाईट असेल तर तो सरळ उलटा होऊन सांगतो."

हे वाक्य ती दर वेळी ऐकायची आणि तिला ते पटायचंही. साता समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कपडे कंपनीसाठी ती काम करत होती. तिथली माणसं तिथेच बसून उंटावरून शेळ्या हाकायची, आणि शेळ्या खरोखर कुठे चरतात हे बघायला हिला धाडायची. या कारखान्यात कंपनीचं कापड रंगायचं. रंगून झाल्यावर उरलेलं पाणी शुद्ध करून या शेवटच्या हौदात यायचं आणि इथून ओढ्यात जायचं. ते खरंच शुद्ध आहे अशी तिची सही झाली, की शिवलेल्या कपड्याला निळ्या थेंबाचा बिल्ला लागायचा. लोक तो बिल्ला बघून दोन पैसे जास्त मोजायचे. तपासणी अचानक व्हायची. तारीख फक्त तिला कळायची, आणि ती घरातही कारखान्याचं नाव काढत नसे. कार्यालयात तिला 'दुर्बीण' म्हणत. तिला ते नाव आवडायचं.

मागच्या खेपेला परत जाताना ओढ्याच्या पुलावर एका बाईने तिची गाडी अडवली होती. हातात बाटली, बाटलीत जांभळं पाणी. आमच्याकडचे बेडूकसुद्धा संपले, पोरांच्या अंगावर चट्टे उठतात, तुम्ही लिहिता तरी काय, असं ती ओरडत होती. तपासनीस बाईंनी गाडीची काच खाली घेऊन शांतपणे सांगितलं होतं, "अहो, मी माझ्या डोळ्यांनी तिथे जिवंत मासे बघून आलेय." गाडी निघाली तेव्हा ती बाई बाटली तशीच धरून उभी होती.

"मॅडम, चहा?"

"एक मासा द्याल का मला?" तिने विचारलं. "मुलीला आवडतात."

व्यवस्थापकांचा चेहरा उजळला. "एक कशाला? दहा न्या! सगळे न्या, आपल्याकडे काय कमी आहे!"

"नको. एकच पुरे. हा, तिरका पोहणारा."

"तो कशाला? अधू आहे तो. चांगला निवडून घ्या की."

"हाच द्या."

तिथल्या तिथे त्यांना जाब विचारता आला असता. तिच्या तोंडाशी आलंही होतं. पण बाबांचा मासा इथे कसा, हे आधी घरी विचारायला हवं होतं. घरचं माहीत नसताना दारी भांडायला तिची जीभ उचलेना. तिने अहवालावर सही करायचं तेवढं टाळलं, शाई संपल्याचं निमित्त सांगितलं. परतीच्या वाटेवर पिशवीतलं पाणी हेलकावत होतं आणि ती एकेकाला आठवून बघत होती. तारीख फुटली कुठून? कार्यालयातल्या हिशेबनिसाकडून? गाडीच्या चालकाकडून? चालकाला तर सकाळी गाडीत बसल्यावरच कळायचं. तरी तिने मागून त्याच्या मानेकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

दुकानात ती पोचली तेव्हा उजेड होता. लेक एका उपड्या बादलीवर पाठ करून बसली होती आणि बाबा तिची मनधरणी करत होते.

"अगं, चुकून गेली ती जाळीत. टेम्पोवाल्याने घाई केली. मी काय मुद्दाम दिली का?"

"माझी आजोबांशी कट्टी आहे," लेकीने आईला जाहीर केलं. "त्यांनी तिरपीला विकलं."

तिने पिशवी पर्समधून काढून लेकीच्या मांडीवर ठेवली. लेक ओरडली, नाचली, आजोबांशी तात्काळ बट्टी झाली, आणि तिरपीला तिच्या जुन्या काचपेटीत सोडायला ती आत पळाली. बाबा मात्र हसता हसता थांबले. त्यांनी चष्मा वर केला.

"ही तुला कुठे मिळाली? ही तर काल गेली."

"कोणाला विकली, बाबा?"

"आपलं मोठं गिऱ्हाईक नाही का? बागा लावून देणारे. बंगल्यांतले हौद करतात ते. दर वेळी टेम्पो भरून नेतात. त्यांच्याच जिवावर तर दुकान उभं आहे, नाहीतर आजकाल मासे पाळायला वेळ कोणाला आहे?" बाबांनी एक स्टूल पुढे सरकवलं. "बस की. तोंड का उतरलंय तुझं?"

ती उभीच राहिली. "कधी येतात ते?"

"तेच तर तुला सांगायचं राहतं." बाबांना आता रंग चढला. "तुझ्या लेकीचा पायगुण! ही मुक्कामाला आली की ते हटकून येतात. एरवी महिना महिना तोंड दाखवणार नाहीत. ही दप्तर घेऊन आली, की त्या संध्याकाळी टेम्पो दारात. हे मी नाही, तो समोरचा इस्त्रीवालाही म्हणतो. हिला बघितलं की विचारतो, 'काय गं, आज मुक्काम का?' ही हो म्हणाली की तोच फोन लावतो मेहुण्याला. मेहुणा त्यांच्याकडेच कामाला आहे ना. म्हणतो, काका, तुमची नात म्हणजे साक्षात..."

पुढचं तिला ऐकू आलं नाही. ती स्टुलावर बसली.

तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता, वर्षातून मोजके दिवस घरी. जवळच्या कारखान्यांची तपासणी करून ती लेकीची शाळा सुटायच्या आत परत यायची. हा एकच कारखाना इतका लांब, की पहाटे निघावं लागे. म्हणून फक्त याच तपासणीच्या आदल्या दिवशी ती लेकीला इथे आणून सोडायची. कोणाला तारीख सांगायची नाही, नाव काढायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, हे सगळं तिने कसोशीने पाळलं होतं. आणि दर वेळी पाठीवर दप्तर अडकवलेली तिची पोर या रस्त्यावरून उड्या मारत येत होती.

समोर इस्त्रीवाला कोळसे पाखडत होता. त्याने दुकानाकडे बघून लेकीसाठी हात हलवला. लेकीने आतून हलवला.

"बाबा," ती म्हणाली, "आतल्या खोलीत चला."

आतल्या खोलीत बाबांची बहीण, तिची आत्या, भाजी निवडत होती. तिच्यादेखतच तिने सगळं सांगितलं. बागा नाहीत, बंगले नाहीत. आदल्या दिवशी तो हौद रिकामा करत असतील, चांगलं पाणी भरत असतील आणि त्यात बाबांचे मासे सोडत असतील. सकाळी ती जाते, मासे बघते, सही करते.

"आणि मग?" बाबांनी विचारलं.

"मग मी निघून येते."

"ते कळलं. माशांचं काय?"

आत्याच्या हातातली जुडी तशीच राहिली.

बाबांचा चेहरा तिने असा कधीच पाहिला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. तेव्हा ते रडले होते. आता ते नुसते तिच्याकडे बघत होते, कोणीतरी अचानक थोबाडीत दिल्यासारखे.

"मी त्यांना दर वेळी सांगायचो," ते हळू म्हणाले. "ऊन लागू देऊ नका. पाणी एकदम बदलू नका, दमादमाने बदला. वाजवून खायला घाला, त्यांना सवय आहे. ते मान डोलवायचे." मग म्हणाले, "एकदा त्यांनी मला विचारलं होतं, मुलगी काय करते. मी अभिमानाने सांगितलं होतं."

तिला लाज वाटली. भीतीही होती, नोकरीची, इतक्या सह्यांची. पण लाज त्या भीतीला वरचढ ठरली. पुलावरच्या त्या बाईला तिने काच खाली घेऊन काय सांगितलं होतं ते तिला शब्दन् शब्द आठवलं.

"आता तू काय करणार?" आत्याने विचारलं.

"उद्या परत जाणार. आजच तपासणी झाली, उद्या मी येईन असं त्यांच्या स्वप्नातही नसेल. नमुना हातात आला की लिहिते. सगळं लिहिते, मी आधी जे लिहिलं तेही."

"नोकरी?"

"जाईल बहुतेक."

"आणि दुकान?" हे आत्याने भावाकडे बघून विचारलं.

"दुकानाचं नंतर बघू," बाबा म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर."

"तुम्ही कशाला, बाबा?"

"काल संध्याकाळीच गेलेत ते. घाण पाण्यातही एक रात्र तग धरतात. चिवट जात आहे. असतील काही." ते उठून कोपऱ्यातली झाकणाची बादली विसळायला लागले. तिने त्यांना अडवलं नाही, आणि असतील असं तिलाही मनापासून वाटलं.

पहाटे ती दोघं मागच्या दाराने निघाली, पहिल्या बसने जायला. लेकीला आत्यापाशी ठेवलं. पुढे दुकानात जायचं नाही, काही झालं तरी आजचा दिवस घरातच, असं आत्या तिला बजावत होती, आणि का, हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मग बादली बघून तिला कारण मिळालं.

"बाकीच्यांना आणायला चाललात? सगळ्यांना आणा हं आजोबा. मोजून आणा."

"आणतो," बाबा म्हणाले.

बसमध्ये ते बादली मांडीवर घेऊन बसले. त्यांनी तिच्यात घरचं मुरवलेलं, माशांच्या सवयीचं पाणी घेतलं होतं आणि ते डचमळू नये म्हणून प्रत्येक वळणाला दोन्ही हातांनी तिला सावरत होते. पूल आला तेव्हा तिने खिडकीतून खाली पाहिलं. पुलावर कोणी नव्हतं. ओढा दगडांमधून जांभळा वाहत होता. बाबांनीही पाहिलं असावं, कारण त्यांनी बादलीचं झाकण पुन्हा एकदा दाबून बसवलं.

फाटकावरचा पहारेकरी गोंधळला. "मॅडम? कालच तर झाली ना तपासणी?"

"एक नमुना राहिला."

"आणि हे?"

"माझ्याबरोबर आहेत."

अचानक येण्याचा हक्क तिच्या ओळखपत्रावरच छापला होता. तो फोनकडे वळला तोवर ती दोघं यंत्रघराला वळसा घालून मागे पोचली होती. लांबूनच उग्र वास आला. हौदावर वाफ होती, आणि कडेकडेने साबणासारखा फेस साचला होता. पाणी इतकं गडद होतं की वरून काही दिसण्याची सोयच नव्हती.

बाबा क्षणभर थांबले. मग त्यांनी बादली खाली ठेवली, तिचं झाकण काढून तयार ठेवलं, गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि अंगठी हौदाच्या कडेवर वाजवली. टक, टक, टक.

फेस जागचा हलला नाही.

"थोडा वेळ लागतो," ते तिला म्हणाले. "घाबरलेले असतात."

मागून पळत येणारी पावलं वाजली. व्यवस्थापकांच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. "मॅडम, अहो, निदान कळवायचं तरी! आज हौदाची साफसफाई आहे, म्हणून हे असं. एरवी..." त्यांनी बाबांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. ते बाबांना ओळखत नव्हते. "काका, मासे शोधताय का? मासे आम्ही हलवलेत. अगदी सुखरूप आहेत."

बाबांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की तिला तो बघवेना.

"कुठे?"

"ते... मागच्या टाकीत."

"चला मग." बाबांनी झाकण लावलं, त्यावर अंगठी तीनदा वाजवून दाखवली आणि बादली उचलली. "मला फक्त टाकी दाखवा. हाक मी मारतो. माझ्या हाकेला येतात ते."

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर बाबांच्या हातातल्या अंगठीवर गेली, तिथून तिच्या चेहऱ्यावर आली आणि पुन्हा अंगठीवर गेली. कालची ती टकटक त्यांनीही ऐकली होती. ते जागचे हलले नाहीत.

बाबा वाट बघत उभे राहिले. मग त्यांनी बादली परत खाली ठेवली.

'दहा न्या, सगळे न्या,' हा माणूस काल म्हणाला होता. एकच पुरे, असं तिने उत्तर दिलं होतं. तिला रडू आलं, पण हात कामाला लागले. तिने बाटली काढली आणि लांब दांड्याचा डाव त्या पाण्यात बुडवला.

बाबा कडेने थोडे पुढे गेले आणि वाकून पुन्हा वाजवलं. थांबले. आणखी पुढे गेले. रोज सकाळी दुकानात एका काचेवरून दुसऱ्या काचेकडे जायचे तसेच, घाई न करता, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, ते हौदाभोवती फिरत राहिले.

तिने नमुना बाटलीत ओतला आणि झाकण घट्ट केलं. डावावरून जांभळे थेंब तिच्या चपलांवर गळत होते. ते गळू दिले. डाव तिने कडेवर आपटला नाही.